डीबीएस करायचं का नाही: आप्पांचे तीन जबाब

हे लिहायचं कारण म्हणजे गेल्या दोन महिन्यांत चार-पाच जणांनी फोन करून एकच विचारलं, आप्पांचं डीबीएस, म्हणजे पार्किन्सनसाठी मेंदूत तारा बसवायचं ऑपरेशन, केलं का, कुठं केलं, किती खर्च आला. केलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पण "नाही"पर्यंत पोचायला आम्हाला वर्ष लागलं आणि त्या वर्षात जे कळलं ते कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं असं सारखं वाटत राहिलं, म्हणून तारीखवार लिहितेय. वहीत सगळं टिपलेलं आहे. तलाठ्याची पोरगी आहे, सवय जात नाही.

सुरुवात दवाखान्यात नाही, बँकेत झाली. नोव्हेंबर २०२३, हयातीच्या दाखल्याचे दिवस, साताऱ्यातली एक बँक, पेन्शनरांची रांग पार जिन्यापर्यंत. काउंटरवरच्या मुलानं फॉर्म बघितला आणि म्हणाला, सही जुळत नाही. आप्पा ३४ वर्षं तलाठी होते, बरीचशी नोकरी कोरेगाव आणि खटाव तालुक्यात. सातबारा हातानं लिहायचा तो काळ. त्यांची सही चांगली दोन बोटं लांब, शेवटी खाली ओढलेली रेघ. त्या दिवशी फॉर्मवर जे उमटलं ते तांदळाच्या दाण्याएवढं होतं. पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं आणि लिहिता लिहिता अजूनच बारीक होतं, हे मला माहीत होतं, बँकेला माहीत नव्हतं. तीनदा सही करायला लावली. तिसऱ्यांदा पेन खाली ठेवून आप्पांनी मला विचारलं, "आपण इथं कशाला आलोय?"

हात थरथरतोय ते आठ वर्षं बघत होतो. हे नवीन होतं.

(दाखल्याचं नंतर कळलं, मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो. २०२४ ला तसाच केला. सही लागतच नाही.)

मागचं थोडक्यात सांगते. जुलै २०१५ मध्ये निदान झालं, उजव्या हातापासून. सुरुवातीला सिंडोपाची गोळी दिवसातून तीनदा, आता सहादा. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना "ऑन" आणि "ऑफ" सांगायला नको. गोळी लागू पडली की आप्पा अंगणात चालतात, पेपर वाचतात, राजकारणावर बोलतात. गोळी उतरली की खुर्चीतून उठता येत नाही, घास तोंडापर्यंत जात नाही. आमच्या साताऱ्याच्या डॉक्टरांनी २०१९ लाच म्हणलं होतं की डीबीएसचा विचार करा, वय आहे, डोकं शाबूत आहे. आम्ही काय केलं, तर "मेंदूचं ऑपरेशन? नको रे बाबा" म्हणून विषय सोडून दिला, पुण्याला नुसतं विचारायलासुद्धा गेलो नाही. ह्याचा दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

जानेवारी २०२४ मध्ये त्याच डॉक्टरांनी परत चिठ्ठी दिली. २६ फेब्रुवारीला पुण्याच्या एका हॉस्पिटलात गेलो. गाडी टोल धरून ३८०० रुपये. मी, आई, आप्पा, आणि दादा पिंपरीहून परस्पर आला. डॉक्टर दहा मिनिटं बोलले, चांगलं बोलले. डोक्याला दोन छोटी भोकं, त्यातून दोन बारीक तारा आत, कानामागून कातडीखालून वायर छातीपर्यंत आणि तिथं पेसमेकरसारखी बॅटरी. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला बेनाबिद नावाच्या सर्जननी १९८७ पासून हे कंपासाठी करायला सुरुवात केली, अमेरिकेत पार्किन्सनसाठी २००२ मध्ये परवानगी मिळाली, म्हणजे प्रयोग वगैरे राहिलेलं नाही. इथपर्यंत ठीक.

मग आम्हाला बाहेर कोऑर्डिनेटर बाईंकडं पाठवलं. त्यांनी एस्टिमेट दिलं, साधी बॅटरी ११ लाख ८० हजार, चार्जिंगवाली साडेचौदा लाख. सोबत संमतीपत्र, सहीच्या जागी पेन्सिलनं आधीच फुल्या मारलेल्या. मी म्हणलं, आप्पा हल्ली विसरतात, त्याचं काय? त्या म्हणाल्या, "पेशंटला नाही जमलं तर मुलानं सही केली तरी चालते, रोजच होतं." दादानं पेन काढलं पण होतं. मी म्हणलं घरी जाऊन बघतो.

येताना खंबाटकीचा घाट चढत होतो, आप्पा डोळे मिटून बसलेले, मला वाटलं झोपले. एकदम म्हणाले, "जबाब न घेताच सही मागतात व्हय?"

कोर्टात प्रॅक्टिस करणारी माझी एक मैत्रीण आहे, तिला हे सांगितलं. ती म्हणाली सुप्रीम कोर्टाचा २००८ चा समीरा कोहली निकाल वाच. त्यात तपासणीसाठी म्हणून भूल दिलेली बाई, वय ४४, बाहेर आईची संमती घेऊन मोठं ऑपरेशन करून टाकलं. कोर्टानं सांगितलं, पेशंट सज्ञान आहे, थोड्या वेळानं शुद्धीवर येणार आहे, जिवावरचं काही नव्हतं, मग आईची संमती ही संमती नाही. आता आप्पा भुलेत नाहीत. पण अर्धवट आठवण असलेला माणूस म्हणजे पूर्ण शुद्धीत का अर्धा? मैत्रीण म्हणाली, हे वकिलाला नको विचारू, मेंदूच्या चाचण्या घेणाऱ्याला विचार.

दुसरं हॉस्पिटल शोधायला एक महिना गेला. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ म्हणून पेशंट आणि घरच्यांचा गट आहे, त्यांच्यामुळं निदान काय विचारायचं ते तरी समजलं. अपॉइंटमेंट १६ एप्रिलची मिळाली. इथं पहिलाच फरक असा की डॉक्टरांनी ऑपरेशनचं काही बोलायच्या आधी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडं पाठवलं. फी ४५००, वेळ अडीच तास, मध्ये चहा. एक टीप देते, ह्या चाचणीला गोळी लागू असेल त्याच वेळेला माणूस न्या, ऑफमध्ये नेला तर मार्क बुडालेच म्हणून समजा. आणि चष्मा, ऐकायचं मशीन विसरू नका. आम्ही चष्मा विसरलो होतो, दादा पळत जाऊन गाडीतून घेऊन आला.

मला काचेतून दिसत होतं. शंभरातून सात, परत सात असं वजा करत जायचं होतं. आप्पा ९३, ८६, ७९, ७२, ६५ असं खडाखड म्हणत गेले, बाईंना थांबवायला लागलं. म्हणलं झालं, आपले आप्पा एकदम ठीक आहेत. मग घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. गोल काढला, बारा आकडे सगळे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीनं बसवले, आणि दोन्ही काटे अकराकडं. बराच वेळ बघत बसले. चुकलंय ते कळत होतं, काय चुकलंय ते कळत नव्हतं. मग एका मिनिटात 'क'नं सुरू होणारे शब्द सांगायचे, गावाची-माणसांची नावं सोडून. आप्पा म्हणाले, कोरेगाव, किन्हई, कुमठे. बाई म्हणाल्या, काका, गावांची नावं चालत नाहीत. आप्पा म्हणाले, "का? रेकॉर्डला आहेत."

बाई हसल्या, मी पण हसले, आणि मग बाहेर येऊन रडले.

३० पैकी १९. आप्पा जुने मॅट्रिक, शिक्षण कमी म्हणून एक मार्क वाढवून मिळतो तो धरून. २६ किंवा त्याच्या पुढं असलं की ठीक समजतात. पार्किन्सनमध्ये असंच होतं म्हणे, पाढे-हिशोब शाबूत राहतात आणि आखणी, क्रम, जागेचा अंदाज आधी जातो.

आता ह्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डॉक्टरांनी गोळ्यांची यादी बघून पॅसिटेनवर बोट ठेवलं. कंपासाठी २०१५ पासून चालू होती, दिवसातून तीनदा, कुणी कधी बंद केलीच नाही. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर ती गोळी धुकं आणते म्हणाले. सहा आठवड्यांत हळूहळू कमी करून बंद केली (स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, त्रास होतो). शिवाय बी-१२ फारच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं घेतली. ६ ऑगस्टला परत चाचणी केली तर २२. घड्याळात आकडे सगळीकडं पसरले, काटा एकच चुकला. दादा म्हणाला, बघ, सुधारतायत, आता ऑपरेशन करून घेऊ. डॉक्टर म्हणाले, हे सुधारलं नाही, वरचं जळमट निघालं. खाली जे गेलंय ते गेलंय.

मग सप्टेंबरात गोळीची परीक्षा. गणपती विसर्जनानंतर दोनच दिवसांनी, १९ सप्टेंबर. आदल्या रात्रीपासून बारा तास पार्किन्सनची एकही गोळी नाही, सकाळी ऑफमध्ये तपासतात, मग जास्त डोस देऊन तासाभरानं परत तपासतात. जे गोळीनं सुधारतं तेच साधारण डीबीएसनं सुधारतं, म्हणून ही परीक्षा. हॉस्पिटलजवळच्या लॉजवर राहिलो, १२०० रुपये. ती रात्र मी विसरणार नाही. आप्पांना कूस बदलता येईना, आई आणि मी चादरीला धरून वळवत होतो. दर अर्ध्या तासानं ते विचारायचे, माझी गोळी कुठाय. मी सांगायची की उद्या तपासणी आहे म्हणून आज नाही. त्यांना पटायचं. अर्ध्या तासानं परत तोच प्रश्न. पहाटे चारला म्हणाले, "मी काय केलंय तुमचं?" त्यांनी संध्याकाळी हो म्हणलं होतं ह्या तपासणीला, स्वतः. पण पहाटे चारला ते 'हो' त्यांच्याजवळ नव्हतं, ते फक्त माझ्याजवळ होतं. ऑपरेशनचा फॉर्म पुढं आला तेव्हा मला हीच रात्र आठवत राहिली.

मार्क ऑफमध्ये ४६, गोळीनंतर २५. इथं जितके कमी तितकं चांगलं. तीसेक टक्के फरक पडला तरी पुरतो म्हणतात, आमचा त्याहून बराच जास्त. म्हणजे हातापायाच्या बाबतीत आप्पा पास.

बाहेर बाकावर कराडकडचे एक शिक्षक भेटले, वय ५८, दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन केलेलं, सेटिंग करायला आले होते. कपबशी एका हातात धरून चहा पीत होते. मुद्दाम दाखवत होते असं नाही, नुसते पीत होते. आप्पा त्या कपाकडं बघत राहिले. हे वाचून डीबीएस वाईट असं कुणी समजू नका. त्या सरांसाठी ते सोनं होतं, आणि ते वेळेवर गेले होते.

८ ऑक्टोबर २०२४ ला सगळी टीम एकत्र बसली, न्यूरॉलॉजिस्ट, सर्जन, सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिस्ट, आणि आम्ही चौघं. तासभर. आप्पांना ऑनमध्ये असतानाच बोलावलं, सकाळी साडेदहाला. सांगितलेलं वहीत असं आहे: कडकपणा, ऑफचे तास, अंगाचे वेडेवाकडे झटके हे कमी होतील. आठवण सुधारणार नाही, अजिबात. उलट घसरू शकते, विशेषतः शब्द सुचणं. पूर्ण डिमेन्शिया असता तर सरळ नाही म्हणलं असतं, आप्पा काठावर आहेत. तारेच्या दोन जागा असतात, एकीनं गोळ्या जास्त कमी होतात, दुसरी आठवणीला त्यातल्या त्यात कमी धोक्याची, केलंच तर दुसरी धरू. मेंदूत रक्तस्राव शंभरात एक-दोघांना, जंतुसंसर्ग त्याहून थोडा जास्त. ऑपरेशनचा काही भाग जागेपणी, डोकं फ्रेममध्ये पक्कं, हात उघडा-मिटा सांगितलं की करायला लागतं. गुडघ्याला मशीनचा शेक घेता का विचारलं, आप्पा घेतात, तर ते डायथर्मीचं मशीन पुढं आयुष्यभर बंद, तारेतून मेंदूला चटका बसू शकतो. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांनी बदलायची, म्हणजे परत छोटं ऑपरेशन. चार्जिंगवाली जास्त टिकते पण नेमानं चार्ज करायला लागते, आणि विसरणाऱ्या माणसानं ते करायचं कसं.

आप्पांनी एकच विचारलं. "रिमोट कुणाकडं?"

पेशंटकडं असतो, थोडंफार कमी-जास्त करता येतं, आणि पेशंटला जमेनासं झालं की घरच्यांकडं, असं डॉक्टर म्हणाले. आप्पा आईकडं बघून म्हणाले, टीव्हीचा तरी कुठं माझ्याकडं असतो. सगळे हसले. पण प्रश्न खराच आहे की. उद्या आप्पा रात्री ओरडायला लागले आणि मी ते बटण दाबलं, तर कुणाच्या सोयीसाठी दाबलं?

दादानं विचारलं की मग आठवणीसाठीच वेगळी तार टाकता येत नाही का, त्यानं वाचलं होतं कुठंतरी. सर्जन म्हणाले बरोबर वाचलंय. कॅनडात टोरोंटोला एका लठ्ठ माणसाची भूक आवरावी म्हणून तार टाकली तर त्याला जुन्या आठवणी लख्ख दिसायला लागल्या, २००८ ची गोष्ट. त्यावरून अल्झायमरच्या ४२ पेशंटना तारा बसवून बघितल्या, निम्म्यांच्या चालू, निम्म्यांच्या बंद, कुणाची चालू ते पेशंटला माहीत नाही. २०१६ मध्ये निकाल आला, वर्षभरात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही, आणि ६५ च्या आतल्यांना तर तोटाच झाला असावा असं दिसलं. "ते संशोधन आहे, उपचार नाही. आशा विकायची नाही असं आम्ही ठरवलंय," हे त्यांचे शब्द. दादा गप्प बसला.

मग सायकॉलॉजिस्ट बाईंनी जे सांगितलं ते मला सगळ्यात उपयोगी पडलं. मार्क २२ म्हणजे निर्णय घेता येत नाही असा अर्थ होत नाही. एकाच माणसाला भाजी निवडता येते, जमिनीचा व्यवहार जमत नाही, असं प्रत्येक गोष्टीचं वेगळं असतं. बघायचं काय, तर ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगता येतं का, आपल्यावर काय परिणाम होईल ते कळतं का, दोन बाजू तोलता येतात का, आणि उत्तर टिकतं का. चांगल्या वेळेला विचारा, एकदा नाही, अनेकदा.

आप्पा म्हणाले, "फेरफाराला पंधरा दिवसांची नोटीस काढतात. हरकत यायला वेळ द्यावा लागतो. हा तर डोक्याचा फेरफार."

डॉक्टरांनी फाइलवर दोन महिन्यांनंतरची तारीख टाकली.

पद्धत आम्ही अशी ठरवली. दर पंधरा दिवसांनी मी विचारणार, ते सांगतील ते वहीत त्यांच्याच शब्दांत लिहिणार, वाचून दाखवणार, आणि खाली त्यांचं ठरलेलं वाक्य, जबाब वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही.

पहिला जबाब, १३ ऑक्टोबर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा, ऑन. "डोक्याला दोन भोकं पाडणार. छातीत बॅटरी. हातपाय मोकळे होतील, आठवण सुधारणार नाही, कमी पण होईल. रक्त आलं तर अवघड. करूया. हिला रात्री चारदा उठायला लागतं." अगदी व्यवस्थित. मी फोनवर दादाला वाचून दाखवला, तो म्हणाला मग थांबलोय कशाला. त्याचं पण चुकत नव्हतं. तो म्हणायचा, आज हो-नाही म्हणतायत तरी, दोन वर्षांनी ते पण येणार नाही, आणि तोपर्यंत दोनदा पडून खुबा मोडला तर?

दुसरा जबाब भाऊबीजेला, ३ नोव्हेंबर. पंधराचे एकवीस दिवस झाले, दिवाळीचा फराळ आड आला. दादा घरी होता, त्यानंच विचारलं, दुपारी तीनला. गोळी उतरत आलेली, मी म्हणलं थांब जरा, तो थांबला नाही. आप्पा म्हणाले, "कसलं ऑपरेशन? मोतीबिंदूचं झालं की." दादाचा चेहरा असा झाला की मला त्याचीच दया आली. तो महिन्यातून एकदा येतो, त्याला ऑनमधलेच आप्पा दाखवायची आमचीच धडपड असते. मी सगळं परत समजावलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, तुम्ही ठरवा." दादा म्हणाला, झालं, हो म्हणाले. मी म्हणलं हे हो नाही. चावडीवर कुणी "तुम्हीच काय ते लिहा साहेब" म्हणलं तर आप्पा त्याला परत पाठवायचे, घरी जाऊन विचार करून ये म्हणून. आमचं मोठं भांडण झालं, ओवाळणीचं ताट तसंच राहिलं.

त्या रात्री वाचत बसले. नेदरलँड्समधली एक केस आहे, २००४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेली. ६२ वर्षांचा पार्किन्सनचा माणूस, डीबीएस चालू केलं की हातपाय छान पण डोकं उन्मादात, उधळपट्टी, कर्ज, कुणाचं ऐकायचं नाही. बंद केलं की डोकं ताळ्यावर पण माणूस पूर्ण अंथरुणाला खिळलेला. मधलं सेटिंग सापडेना. मग डॉक्टरांनी मशीन बंद करून, तो ताळ्यावर असताना त्याला विचारलं, कसं जगायचंय? तो म्हणाला चालू ठेवा आणि मला मनोरुग्णालयात ठेवा. तसंच केलं. मी दोनदा वाचली. कुठल्या अवस्थेतला माणूस खरा धरायचा हे त्यांनी आधी ठरवलं आणि मग विचारलं. आमच्याकडं तर मशीन नसतानाच दोन आप्पा आहेत, गोळीतले आणि गोळी उतरलेले. ऑपरेशनचा त्रास दोघांनी भोगायचा. सही कुणाची?

तिसरा जबाब, २४ नोव्हेंबर, रविवार, सकाळी साडेनऊ. आप्पांनी आधीचे दोन्ही जबाब वाचायला मागितले. भिंग घेऊन वाचले, बराच वेळ लागला. दुसऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा ग्राह्य नाही." मग पहिल्याचं शेवटचं वाक्य दाखवलं. "हे हिच्यासाठी बोललो. हिचा जबाब कुठाय?"

खरंच, आईला कुणी विचारलंच नव्हतं. चार दवाखाने, एवढ्या चाचण्या, ती प्रत्येक वेळी पिशवीत थर्मास घेऊन सोबत होती. स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "रात्री उठायला बाई ठेवा. त्याला बारा लाख लागत नाहीत."

आप्पा म्हणाले, लिही. "हात हलतोय तो मला दिसतो. आतलं काय गेलं ते मला कळणार पण नाही, तुम्हालाच कळणार. ते मला नको. ऑपरेशन नको." आणि मग, "दोन दिवसांनी परत विचार." दोन दिवसांनी विचारलं, नको. आठवड्यानं विचारलं, एकदा ऑफमध्ये पण विचारलं, त्यांना जबाब दिल्याचं आठवत नव्हतं, पण उत्तर नकोच. कारण मात्र दर वेळी वेगळं सांगितलं, एकदा तर म्हणाले टक्कल करायला लागेल.

१० डिसेंबरला पुण्यात वही दाखवली. सायकॉलॉजिस्ट बाईंनी सगळी वाचली, झेरॉक्स काढून फाइलला लावली. डॉक्टर म्हणाले ठीक आहे, गोळ्यांच्या वेळा नव्यानं बांधू, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास गोळी, डाळ-दूध संध्याकाळकडं, आणि आठवणीसाठी रिव्हास्टिग्मिनचा पॅच, रोज पाठीवर जागा बदलून. पॅचनं महिनाभर खाज सुटली, आता नाही. आठवणीत फार फरक आहे असं म्हणवत नाही, पण संध्याकाळी भिंतीवर मांजर दिसायचं ते दिसेनासं झालंय.

एकूण खर्च, चाचण्या, एमआरआय, गाड्या, लॉज, सगळं धरून ५२ हजारांच्या आसपास. रात्रीची बाई महिन्याला १२ हजार, ते दादा देतो. तो अजून माझ्यावर थोडा नाराज आहे. परवा आप्पा बाथरूममध्ये घसरले तेव्हा फोनवर काही बोलला नाही, पण न बोललेलं पण ऐकू येतंच.

दोन कागदांचं सांगते, कुणी सांगत नाही म्हणून. पार्किन्सन अपंगत्वाच्या २१ प्रकारांत येतो, यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, निघतं, अर्ज ऑनलाइन आणि तपासणी सिव्हिलला. आणि इन्कम टॅक्सच्या जुन्या करपद्धतीत उपचाराच्या खर्चाची सूट मिळते (१९६१ च्या कायद्यात ते कलम ८०डीडीबी होतं), ज्येष्ठांना एक लाखापर्यंत, पण अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचा दाखला आणि न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी लागते. ती चिठ्ठी अपॉइंटमेंटलाच मागून घ्या, नंतर नुसत्या कागदासाठी पुण्याला जायची पाळी येते, आमच्यावर आली.

शेवटचं राहिलं ते जानेवारीत केलं, आप्पांच्याच हट्टानं. पुढं काहीच बोलता येईना आणि बरं व्हायची आशा नसेल तर मशीनवर ठेवायचं का नाही, आणि तेव्हा त्यांच्या वतीनं कुणी बोलायचं, हे लिहून ठेवलं. २०२३ पासून हे सोपं झालंय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. वतीनं बोलायला त्यांनी आईचं नाव घातलं, माझं नाही, दादाचं पण नाही. कोर्टाजवळच्या नोटरीकडं गेलो, सकाळी साडेदहा, गोळी घेऊन पाऊण तास झालेला. नोटरीनं मजकूर मोठ्यानं वाचला, समजलं का विचारलं, आप्पांनी तीन वाक्यांत परत सांगितलं. मग सही केली, तीच, तांदळाच्या दाण्याएवढी.

नोटरी म्हणाले, "काका, सही जरा मोठी करता का?"

आप्पा म्हणाले, "एवढीच आहे आता. तुम्ही तारीख घाला."